निऱ्या

कोरड्या फरशीवरून चालतानाही वहिनी निऱ्या उचलून धरायच्या. डाव्या पोटरीवरून गार पाणी ओघळतंय, असं त्यांना सारखं वाटायचं. डॉक्टर म्हणाले, कण्याच्या तळाशी, नसांच्या मुळांवर पाण्याच्या इवल्या पिशव्या झाल्यात. त्या नसा दाबतात, म्हणून हा भास. म्हणजे पाणी होतंच, फक्त जागा चुकली होती. शरीर खोटं बोलतं तेही असं, निम्मं खरं ठेवून.

"ओलं वाटलं तरी खाली बघायचं नाही," दादानं त्यांना बजावलं.

आज स्वयंपाकघरात हंडा कलंडला.

"वहिनी, पाणी!" मी ओरडलो.

"नाही हो भाऊजी, भास तो," त्या शांतपणे म्हणाल्या, आणि निऱ्या तशाच सोडून पाण्यातून चालत गेल्या. मागं ओली पावलं उमटत राहिली. त्यांनी वळून पाहिलं नाही.