इतिवृत्तात न आलेला शब्द

नागपूरच्या पालिकेत मी सभांचं इतिवृत्त लिहायचो. घरी तीन पिढ्या कारकुनीच्या, वडिलांचा शुद्ध भाषेवर भारी जीव. त्यामुळे नगरसेवक काहीही बोलले तरी माझ्या कागदावर ते धुऊन, इस्त्री होऊन उतरायचं. मला त्याचा अभिमान होता.

सभागृहात एक समाजवादी नगरसेविका होत्या. सगळे त्यांना ताई म्हणत. त्यांच्या पक्षाच्या त्या एकट्याच. विणकराच्या घरातल्या, माग बंद पडले तसा मोर्च्यांशी संबंध आला. त्या बोलायला उभ्या राहिल्या की मागच्या बाकांवर कुजबुज व्हायची. त्या थांबायच्या, आणि कुजबुज संपली की पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरुवात करायच्या.

एकदा त्यांनी जरीपटका भागातल्या बाजारात झाडणाऱ्या कंत्राटी बायांचा विषय काढला. "पहाटे पाचपासून बाया झाडून राहिल्या. जायले जागा नाही म्हणून घोटभर पाणी पीत नाहीत, तेही मे महिन्यात! त्याइले कायम करा हे मी मागत राहीनच. पण आधी संडास द्या."

मी लिहिलं, 'सफाई कर्मचारी महिलांना आवश्यक त्या सोयी पुरवाव्यात.' ठराव मंजूर झाला.

काही महिन्यांनी ताई ठरावाची प्रत घेऊन माझ्या टेबलापाशी आल्या.

"काहून गा, मी काय बोलली होती?"

"सोयींबद्दल, ताई."

"संडास बोलली होती. चाल माझ्यासंग."

साठीच्या ताईंनी मला स्कूटीवर मागे बसवून बाजारात नेलं. तिथे भिंतीलगत सिमेंटचं नवंकोरं बाकडं होतं, वर पत्रे. ठरावाप्रमाणे सोय झाली होती. बाकड्यावरची एक बाई म्हणाली, "बसायले चांगलं आहे, साहेब." ती टोमणा मारत नव्हती, म्हणून जास्तच लागलं.

परतताना मी ताईंना खरं ते सांगितलं. "तो शब्द सभेच्या कागदावर लिहायची मला लाज वाटली."

त्या रागावल्या नाहीत. "बायाइलेही वाटते. म्हणून तर मले बोलावं लागते."

पुढच्या सभेत त्यांनी विषय पुन्हा मांडला. या वेळी माझ्याकडे बघत, शाळेत शुद्धलेखन घालतात तसा, सावकाश. तीन संडास. नळाचं पाणी. दाराले आतून कडी. कपडे बदलायले खोली. कोणीतरी हसलं. मी शब्दन् शब्द लिहून घेतला, कडीसुद्धा.

काम व्हायला वर्ष गेलं. ताई दर आठवड्याला फाइल कुठे अडकली ते विचारायच्या, मी टेबलं धुंडाळून सांगायचो. कारकुनाने घेऊ नये इतकी बाजू मी घेत होतो, आणि मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

उद्घाटन असं झालंच नाही. एका दुपारी काम आटोपून बाया आत शिरल्या, खिळ्यांना पिशव्या अडकवल्या. एकीने आतून कडी लावली, काढली, पुन्हा लावून बघितली. मग खोलीत फरशीवर डबे उघडले. ताई भिंतीला टेकून बसल्या आणि कोणाच्या तरी डब्यातली भाकर मोडून जेवू लागल्या. मी दारातच होतो.

"उभा काहून आहे गा? बस ना."

मी बूट काढून बसलो. शेजारच्या बाईने माझ्या हातावर भाकर, तिच्यावर लालभडक झुणका ठेवला. पहिल्याच घासाला माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहू लागलं, तशा सगळ्याजणी पोट धरून हसल्या.