उलट्या बाजूने भेटलेला देव

माझ्या सासूबाई गेल्या वर्षी एका जपानी देवावर दोन दिवस रागावून होत्या, आणि त्यात देवाची काहीही चूक नव्हती. चूक माझी होती.

सासूबाई मिरजेच्या. सगळी नोकरी शाळेत भूगोल शिकवण्यात गेली, त्यामुळे आम्ही राहतो ते जर्मनीतलं इंगोलश्टाट नकाशावर नेमकं कुठे आहे ते त्यांना माझ्याआधीपासून माहीत होतं. पण प्रत्यक्षात त्या पहिल्यांदाच आल्या, तीन महिन्यांसाठी. येताना त्यांनी शेंगदाण्याची चटणी आणली, नातीच्या मापाचं (म्हणजे नात आठ वर्षांची असतानाच्या मापाचं) परकर-पोलकं आणलं आणि पाच वर्षांच्या साठलेल्या गप्पा आणल्या. चटणी पंधरा दिवसांत संपली. गप्पा तशाच राहिल्या.

कारण मुक्ता, माझी मुलगी, वय वर्षं तेरा, मराठी सगळं समजायची पण उत्तर जर्मनमध्ये द्यायची.

"मुक्ता, भूक लागली का गं?"

"नाइन, आजी." म्हणजे नाही.

"शाळा कशी झाली आज?"

"गूट." म्हणजे छान.

"वर्गातल्या मैत्रिणी कशा आहेत?"

यावर एक लांबलचक जर्मन वाक्य यायचं. आजी माझ्याकडे बघायच्या, मी भाषांतर करायचो. आजी आणि नात एकाच सोफ्यावर बसलेल्या आणि मध्ये दुभाषा. घरात दोन देशांचा करार चालू आहे असं वाटायचं. थोड्या वेळाने मुक्ता एक जाडसर पुस्तक तोंडासमोर धरायची आणि बैठक बरखास्त व्हायची.

एके दिवशी आजींनी पुस्तकाकडे बोट दाखवलं. "हे काय वाचतेस एवढं?"

मुक्ताने बराच विचार केला. मग म्हणाली, "मांगा. आल्झो... एक मुलगी. आणि एक देव."

मांगा म्हणजे जपानी चित्रकथा आणि 'आल्झो' म्हणजे आपलं 'तर'; ते सोडता तीन आठवड्यांत तिच्या तोंडून आलेलं हे पहिलं सलग मराठी. आजींनी ते मनात जपून ठेवलं, आणि सोमवारी मुक्ता शाळेत गेल्यावर मला हाक मारली. (माझ्या बायकोला, अनघाला, रजा मिळत नव्हती. आजी एकट्या पडू नयेत म्हणून त्या आठवड्यात मी रजा घेतली होती. इतक्या चांगल्या हेतूने सुरू झालेलं प्रकरण आहे हे.)

"मंदारराव, ते पुस्तक मला वाचून दाखवता का? पोर माझ्याशी बोलत नाही. निदान तिच्या डोक्यात काय चाललंय ते तरी कळेल."

"आई, ते तिच्या खोलीत आहे. तिला विचारल्याशिवाय कसं घ्यायचं?"

"मी कुठे घ्या म्हणतेय? तुम्ही वाचून दाखवा म्हणतेय."

मुक्ताच्या खोलीच्या दारावर जर्मनमध्ये मोठ्या लाल अक्षरांत 'थांबा' असं लिहिलेलं आहे. मी थांबलो नाही. पुस्तक उशीजवळ होतं. ते कुठल्या कोनात ठेवलंय याचा मी फोटो काढून ठेवला, म्हणजे परत ठेवताना पंचाईत नको. बाहेर येऊन पुस्तक उघडलं, तर पहिल्याच पानावर पुन्हा मोठ्या अक्षरांत तेच, 'थांबा'. मला वाटलं, दारासारखंच हेही हिने चिकटवलंय. खालचा बारीक मजकूर न वाचता मी पान उलटलं.

त्या बारीक मजकुरात लिहिलं होतं की जपानी पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचतात, आणि तुम्ही ते शेवटून उघडलं आहे.

आम्ही रोज पन्नासेक पानं घ्यायचो. चहा झाला की आजी चष्मा लावून शेजारी बसायच्या, मी एकेका चित्रावर बोट ठेवून मराठीत सांगायचो. नदीकाठचं गाव. त्यात नात्सु नावाची मुलगी आणि वातारी नावाचा देव. तो देव म्हणजे नावेने नदी ओलांडणाऱ्यांचा रक्षक. दिसायला विशीतला मुलगा, केस कमरेपर्यंत.

"एवढे केस," आजी म्हणाल्या, "आणि विंचरायला कोणी नाही."

सोमवारी सगळं छान होतं. देवळात दिवे, गावची माणसं जमलेली, नात्सुने मोठ्याने देवाचं नाव घेतलं आणि देवाच्या डोळ्यांत पाणी आलं. आजींच्याही आलं. फक्त संवाद जरा विचित्र वाटत होते. देव आधी म्हणायचा, "मला पोहता येत नाही," आणि मग मुलगी विचारायची, "तू नदीचा देव ना, मग मार की उडी?"

मी अडखळलो. पण आजींना त्यात काही खटकलं नाही. "देव आहे तो. प्रश्न विचारायच्या आधीच उत्तर देतो." माझं जर्मन बेताचंच असल्याने काही जुळलं नाही तर दोष माझ्या व्याकरणाचा, असं मी धरून चाललो होतो.

मंगळवारी दिवे विझले. गावकरी एकेक करून निघून गेले. बुधवारी नदीवर पूल दिसायला लागला, नावा दिसेनाशा झाल्या, आणि देव पुसट होत गेला. चित्रात खरोखरच त्याच्या रेषा फिकट झालेल्या. गुरुवारी नात्सु त्याच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "कोण आहेस तू?"

आजींनी कप खाली ठेवला. "विसरली?"

"तसंच दिसतंय."

"सोमवारी हात धरून उभी होती ना ती त्याचा?"

शेवटच्या पानावर नात्सु एका बस थांब्यावर बॅग घेऊन एकटीच उभी होती, आणि तिची आई बसच्या खिडकीतून हात करत होती. बस निघाली. पुढे पुठ्ठा.

"आणि देव?" आजींनी विचारलं.

"देव नाही."

"म्हणजे पोरीला एकटीला टाकून गेला." त्यांनी चष्मा काढून पुसला. "मंदारराव, तेरा वर्षांची मुलगी हे असलं वाचते आणि आपण म्हणतो ती गप्प का."

मलाही हे पटलं. माझ्या डोक्यात तर पुढची गाडी सुटली होती. मुक्ताला कोणी आवडत असेल, त्याने तिला दुखावलं असेल, म्हणून ती हे वाचत असेल. अनघाला सांगितलं तर ती म्हणाली, "तिलाच विचार ना." एवढा सरळ उपाय मी कधीच करत नाही.

शनिवारी सकाळी आजींनी थालीपीठं केली. सगळे टेबलापाशी होते. मी घसा साफ केला आणि रात्रीपासून तयार केलेलं बोललो. "मुक्ता, आयुष्यात काही माणसं आपल्याला सोडून जातात. पण आपण एकटं उभं राहायला शिकलं पाहिजे."

मुक्ताने लोणी लावता लावता अनघाकडे पाहिलं. अनघा थालीपीठाकडे पाहत होती.

"आणि खरा देव," आजी म्हणाल्या, "पोरीला असा बस थांब्यावर टाकून जात नाही. तू तो वातारी डोक्यातून काढून टाक."

मुक्ताच्या हातातली सुरी थांबली. "वास?" म्हणजे जर्मनमध्ये 'काय?'. मग तिला एकेक गोष्ट उमगत गेली, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ती माझ्याकडे वळली, आणि पुढचं वाक्य स्वच्छ मराठीत आलं.

"तू माझ्या खोलीत गेलास?"

"म्हणजे, आजींना..."

"दारावर लिहिलंय, बाबा. तू रोज गेलास?"

ती उठली आणि दार आपटून आत गेली. मी गाड्यांच्या दारांवर काम करतो. दार लावल्यावर कसा आवाज यायला हवा हे ठरवणं हाच माझा व्यवसाय. असा आवाज मी कामावर कधीच पास केला नसता.

मी जायला निघालो तर आजींनी हाताने बसवलं. त्या स्वतः गेल्या आणि बंद दारासमोर उभ्या राहिल्या. त्यांनी दार वाजवलंही नाही.

"मुक्ता, मीच सांगितलं त्यांना पुस्तक आणायला. चुकलं माझं. तुझ्याशी बोलायचं होतं आणि कुठून सुरुवात करावी ते कळत नव्हतं." आजी दाराच्या आणखी जवळ सरकल्या. "पण एकच सांग बाळा. पुढच्या भागात तरी तिला त्याचं नाव आठवतं का? मला दोन दिवस झोप नाही."

मग कडी निघाली.

"आजी," मुक्ता म्हणाली, "बस थांबा पहिल्या पानावर आहे."

ती पुस्तक घेऊन बाहेर आली, आम्हाला दाखवलं, उलटं केलं आणि उजवीकडून उघडलं. बस थांबा. आईची बस चाललेली. मुलगी नव्या गावात, एकटी.

"तुम्ही..." तिला शब्द सापडेना, तिने बोट शेवटापासून सुरुवातीकडे फिरवलं. "तुम्ही त्यांना वेगळं केलं. माझ्या बाबाने पूर्ण गाव रिकामं केलं."

आणि ती हसायला लागली. हसता हसता सोफ्यावर आडवी झाली. अनघा हसायला लागली. आजी मात्र गंभीर होत्या. "म्हणजे दिवे नंतर लागतात?"

"हो."

"तो पुसट असतो, आणि मग नीट दिसायला लागतो?"

"हो, आजी. ती नाव घेते ना, म्हणून."

"मग बैस इथे," आजी म्हणाल्या, "आणि पहिल्यापासून सांग."

त्या दिवशी मुक्ता दीड तास मराठी बोलली. थांबत, चाचपडत, मध्ये मध्ये जर्मन घालत. नाव चालवणाऱ्याला काय म्हणतात ते तिला येत नव्हतं. आजी म्हणाल्या, "नावाडी." ती म्हणाली, "नावाडी," आणि पुढे गेली. चुका पुष्कळ होत्या. एकदा तिने देवाला स्त्रीलिंगी केलं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात आजींनी माझ्याकडे अशी नजर टाकली की वर्गात मागच्या बाकावर बसणाऱ्या पोरांचं काय होत असेल ते मला कळलं.

पुस्तक संपल्यावर आजींनी तिला जवळ घेतलं. "एवढं येतं तुला, मग बोलत का नव्हतीस गं?"

मुक्ता पुस्तकाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. "मी बोलले की बाबा लोकांना सांगतो."

मला कळेना. मग कळलं. पाच वर्षांपूर्वी पुण्याहून परत आल्यावर, तिथे आजोबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, फार उकडत होतं, हे तिने मराठीत सांगायचा प्रयत्न केला होता. ती म्हणाली, "तिकडे आजोबा उकडले." मला ते इतकं आवडलं की मी प्रत्येक घरगुती जेवणात, गणपतीच्या कार्यक्रमात, नेकारसुल्महून पाहुणे आले तेव्हा, फ्रँकफर्टच्या मित्रांकडे गेलो तेव्हा, सगळीकडे सांगितलं. लोक पोट धरून हसायचे. मी चांगला किस्सा सांगतो असं माझं नाव झालं होतं. मुक्ता त्या प्रत्येक वेळी शेजारी उभी असायची. तिने मराठी कधीपासून सोडलं याचा मी कधी हिशोबच लावला नव्हता.

"सॉरी," मी म्हणालो.

"तो किस्सा बंद," ती म्हणाली.

"बंद."

"आणि माझ्या खोलीत नाही यायचं."

"गेनाऊ," आजी म्हणाल्या. 'अगदी बरोबर' अशा अर्थाचा हा जर्मन शब्द त्या कधी शिकल्या कोण जाणे.

उरलेल्या दिवसांत दोघींनी तीन भाग संपवले, रोज संध्याकाळी, सोफ्यावर. मला आठवडाभर जवळ बसू दिलं नाही, मग स्वयंपाकघरातून ऐकायची परवानगी मिळाली. आजी मिरजेला परतल्यावर दर रविवारी फोनवर वाचन सुरू झालं. मुक्ता चित्र कॅमेऱ्यासमोर धरते आणि सांगते. नियम असा की आजींच्या पुढे कोणी जायचं नाही.

गेल्या महिन्यात कामासाठी म्युनिकला गेलो होतो. परतताना स्टेशनवरच्या दुकानात चौथा आणि पाचवा भाग दिसले. फक्त पहिलं पान बघू म्हणून घेतले. (उजवीकडून.) चौथ्या भागात नदीला पूर येतो आणि वातारी पुलाखाली... ते मी सांगत नाही. मी रुमालाने डोळे पुसत असताना तिकीट तपासनीस आला. साठीचा, मिशा पिकलेल्या. त्याने तिकीट पाहिलं, पुस्तक पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "माझी नात वाचते हे. पाचवा यापेक्षा वाईट आहे." मग पुन्हा तिकीट पाहून म्हणाला, "पण साहेब, इंगोलश्टाट मागे गेलं."

पुढच्या मोठ्या स्टेशनवर उतरलो. घरी फोन केला. मुक्ताने उचलला.

"कुठे आहेस बाबा?"

"ट्रॉयख्टलिंगनला."

"तिथे काय करतोयस?"

खरं सांगितलं. ती खूप हसली, मग आजींच्याच आवाजात म्हणाली, "पाचवा भाग बॅगेत ठेव. आजीशिवाय वाचायचा नाही. वचन दे."

मी वचन दिलं. परतीची गाडी पन्नास मिनिटांनी होती. त्यातली बारा मिनिटं मी ते पाळलं.