दुसऱ्या पसंतीची ताई

आमच्या घरात वाढायला घेतलं की "मला नंतर" म्हणायची रीत आहे. बाबांनी ती पुण्याहून इथे परदेशात, आमच्या बुकित बातोकच्या फ्लॅटमध्येही आणली. ते, मी आणि नवरा "तुम्ही घ्या आधी" करत बसतो आणि पोहे गार होतात. मला या रीतीचा राग येतो, आणि तो उगाच येत नाही.

माझी ताई स्कॉटलंडमधल्या एका आडगावात जनावरांची डॉक्टर. जनावरं म्हणजे मुख्यतः मेंढ्या. दोन हजार सतरा साली तिथे स्थानिक कौन्सिलच्या निवडणुका होत्या आणि ताई वॉर्डातून अपक्ष उभी राहिली. कारण एकच. गावातली शाळा बंद करायचं कौन्सिलच्या मनात होतं. शाळेत मोजकी मुलं, त्यांत तिची मुलगी. शाळा गेली तर एवढ्याशा पोरीला रोज डोंगरापलीकडे बसने जावं लागणार, आणि हिवाळ्यात तो रस्ता बर्फाने भरतो. भारतीय पासपोर्टवर तिथे उभं राहता येतं याचं आम्हाला कोण अप्रूप. मला तर इथे मत नाही आणि पुण्याच्या यादीतून नाव कधीच गळालंय.

तिथल्या मतपत्रिकेवर एकाच नावापुढे खूण करून भागत नाही, उमेदवारांना एक, दोन, तीन असे पसंतीक्रम द्यायचे असतात. हे ऐकून बाबा खुलले. जन्मभर मास्तरकी केलेली, शिक्षक मतदारसंघात त्यांनी असंच मत दिलेलं. व्हिडिओ कॉलवर त्यांनी ताईला समजावलं, "पहिलं मत मागू नकोस. ते ज्याचं त्याचं ठरलेलं असतं, माणसं अवघडतात. दुसरं माग. दुसऱ्या पसंतीवर निवडून आलेले मी पाहिलेत."

"मलाही तेच बरं वाटतंय, बाबा," ताई म्हणाली.

तिला बरं वाटणारच. कुणाच्या घरी दुसरा लाडू न घेणाऱ्यांपैकी ती.

मेंढ्या विण्याचा हंगाम होता. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची मेंढी अडली होती. ताईने कोपरापर्यंत हात घालून कोकरू सोडवलं, बादलीत हात धुतले आणि मग पत्रक पुढे करून म्हणाली, पहिला नंबर कुणाला द्यायचा तो द्या, मला दुसरा द्या. त्याने वचन दिलं. ताईने हे आम्हाला कौतुकाने सांगितलं तेव्हा माझी मुलगी शेजारी बसून नूडल्स खात होती.

"आजोबा, व्हाय नॉट आस्क फॉर नंबर वन?"

"असं आपण होऊन मागू नये, बाळा."

"देन हाऊ टू विन, लाह?"

बाबा हसले. पोर इथल्या 'लाह' लावून बोलणाऱ्या इंग्रजी शाळेत वाया गेली असं त्यांना वाटलं असावं.

निकालाच्या संध्याकाळी ताईचा फोन आला. पहिल्या फेरीत निवडून येण्याइतकी मतं कुणालाच पडली नव्हती. अशा वेळी पहिल्या पसंतीची मतं सगळ्यांत कमी असतील तो उमेदवार बाद होतो. ती ताई होती. तिच्या नावापुढचे सगळे दोनचे आकडे मतपत्रिकांवर तसेच राहिले. बाद झालेल्याला मिळालेली दुसरी पसंती कोण मोजतंय?

"हॉलमध्ये जो तो येऊन सांगत होता, आम्ही तुला दुसरा नंबर दिला म्हणून," ताई म्हणाली. "खोटं नव्हते गं बोलत. मी मागितलं तेच दिलं त्यांनी."

बाबा म्हणाले, "मतं चांगली मिळाली म्हणायची." मला तो फोन भिंतीवर आपटावासा वाटला. भीड भिकेची बहीण, हे याच माणसाने वर्षानुवर्षं पोरांना फळ्यावर लिहून दिलेलं. परक्या मुलखात, आपल्या पोरीच्या शाळेसाठी हात पसरायची वेळ आली, तर तिथेही आम्ही सभ्यपणा मिरवला. त्या गावावर मी रागावू शकत नव्हते, याचाच जास्त राग आला.

पुढच्या वर्षी शाळा बंद झाली. निवडून आलेल्यांनी हात वर केले आणि संपलं. हिवाळ्यात ताईने फोटो पाठवला. सकाळ असून अंधार, आणि रस्त्याच्या कडेला कोटावर चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट घातलेली भाची बसची वाट बघत उभी. बाबांनी दोन बोटांनी तिचा चेहरा मोठा केला.

"बसमध्ये हीटर असेल ना गं?"

मी पोह्यांची पहिली ताटली त्यांच्यासमोर ठेवली.

"आधी पोरीला दे."

"नाही बाबा, आधी तुम्ही. एकदा तरी पहिलं घेऊन बघा कसं लागतं ते."

त्यांना ते लागलं. लागावं म्हणूनच मी बोलले होते. त्यांनी ताटली माझ्या मुलीकडे सरकवली. तिने नको म्हटलं नाही, लिंबू पिळलं आणि खायला लागली.

मी दुसरी ताटली भरली. ती त्यांनी लगेच घेतली.