अण्णाचा पुलाचा नकाशा

अण्णा गेल्याचा वहिनींचा फोन आला, तेव्हा मी त्याच्यावर चिडलेलोच होतो. आदल्या संध्याकाळी दवाखान्यात त्याने हट्ट धरला होता की घरच्या हॉलमधला नकाशा काढून आण आणि इथे माझ्या समोरच्या भिंतीवर लाव. चार फुटी फ्रेम! "अरे, इथे खिळा ठोकू देत नाहीत," मी म्हटलं. "विचारलंस का?" "त्यात विचारायचं काय?" "मग तुला कसं माहीत?" ... असा माझा थोरला भाऊ. हाताला सलाईन लावलेलं असतानाही वाद घालायचा. "उद्या बघू," असं तुटकपणे म्हणून मी उठलो, आणि सकाळी फोन आला. त्याला आता सव्वा महिना झाला. चीड काही अजून गेलेली नाही.

अण्णा बडोद्यातल्या एका शाळेत इतिहास शिकवायचा. निवृत्त झाल्यावर त्याने प्रतापनगरच्या फ्लॅटला रंग काढला. हॉलच्या मोठ्या भिंतीसाठी वहिनींनी मांडवीतल्या एका दुकानात निसर्गचित्र पसंत करून ठेवलं होतं. डोंगर, झाडं, दोन हरणं. ते यायच्या आत कुरियरने एक लांबलचक नळकांडं आलं. त्यात दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी नकाशांच्या तीन प्रती होत्या, मूळच्यावरून हुबेहूब छापलेल्या. कागदाचा पिवळेपणा, कुठल्याशा अधिकाऱ्याच्या चहाचा डाग, घड्यांच्या खुणा, सगळं छापील. फ्रेम करायला देण्याआधी घड्या मोडाव्यात म्हणून वहिनींनी त्यांवर पाऊण तास इस्त्री फिरवली. अण्णा समोर पेपर वाचत बसला होता. अक्षरही बोलला नाही. शेवटी घामाघूम होऊन त्यांनी विचारलं, तर म्हणाला, "मला वाटलं, तुझ्या लक्षात येईल." निसर्गचित्राचं पुढे कोणी नावही काढलं नाही.

दोन नकाशे आतल्या खोलीत गेले. सगळ्यांत मोठा हॉलमध्ये. इटलीतली कुठलीशी नदी, तिच्यावर एकच पूल, दोन्ही काठांवर लाल-निळ्या खुणांनी दाखवलेल्या फौजा आणि कोपऱ्यात तारीख. सोसायटीतली आठ-दहा मुलं संध्याकाळी अण्णाकडे फुकट शिकायला यायची, ती या नकाशासमोर बसायची. अण्णाची पद्धत अशी, की आज ही कोपऱ्यातली तारीख आहे, तुम्ही या काठावर आहात, पूल उडवायचा की ठेवायचा ते सांगा. ठेवला तर शत्रू येणार, उडवला तर पलीकडे राहिलेली आपलीच माणसं अडकणार. मुलं मराठीत, गुजरातीत, मिळेल त्या भाषेत भांडायची. कोणी वैतागून विचारायचं, "सर, पण पछी शुं थयुं?" की अण्णा शांतपणे म्हणायचा, "आजे कोईने खबर नथी." आज ते कोणालाच ठाऊक नाही, एवढंच; पुढे काय झालं ते तो सांगतच नसे. त्या एका पुलावर त्याने महिना काढला. मी मकरपुऱ्याच्या कारखान्यात आयुष्यभर प्रॉडक्शन बघितलेला माणूस, माझा जीव कासावीस व्हायचा. "अण्णा, पोर्शन कधी संपणार?" असं विचारलं की तो माझ्याकडे, मीच ढ विद्यार्थी असल्यासारखा बघायचा.

माझी मुलगी मीरा त्याच वर्गात होती आणि तिचं बोर्डाचं वर्ष होतं. प्रिलिममध्ये प्रश्न आला, महायुद्धाचे परिणाम लिहा. मीराने दोन पानं भरून पूल, नदी, पलीकडची माणसं असं सगळं लिहिलं आणि शेवटी, 'पुढे काय झाले ते त्या दिवशी कोणालाच माहीत नव्हते.' पाचांपैकी शून्य. बाजूला लाल शाईत, 'प्रश्न वाचा.' तो पेपर घेऊन मी तसाच अण्णाकडे गेलो. वर्ग चालू होता. मुलांसमोरच ओरडलो, "कोण जिंकलं ते सगळ्या जगाला माहीत आहे, तू एकटा लपवून काय मिळवतोस? मुलांचं वाटोळं करतोयस!" अण्णाने पेपर वाचला आणि म्हणाला, "छान लिहिलंय की." ... आता यावर काय करायचं माणसाने? मी मीराला काढून घेतलं. तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं, पण मी आणखी तीन-चार पालकांच्या कानावर घातलं. पंधरा दिवसांत वर्ग ओस पडला. नंतर त्याने पुन्हा कधी वर्ग घेतला नाही.

मीरा चांगल्या मार्कांनी पास झाली, आता सुरतेला बँकेत आहे. मला मात्र ते टोचत राहिलं. दर दिवाळीला ठरवायचो, या वर्षी अण्णाची माफी मागायची. फराळाची ताटली हातात घेऊन त्याच्याशेजारी बसायचो, आणि पाच मिनिटांत तो असं काही बोलायचा की माफी राहायची बाजूला आणि आमचं वाजायचं. असं करत बारा दिवाळ्या गेल्या. आता मागायला तो नाही, आणि हेही त्याने मुद्दाम केलं असावं असं मला मधूनमधून वाटतं.

गेल्या रविवारी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन वहिनींकडे गेलो. म्हटलं, आता तरी त्यांच्या मनासारखी भिंत होऊ दे. स्टुलावर चढून पहिला स्क्रू ढिला करतोय तोच त्या म्हणाल्या, "भावोजी, आतले दोन न्या हवे तर. याला हात लावू नका."

"वहिनी, तुम्हाला तर हे कधी आवडलेच नाहीत."

"नाहीच आवडले. पण स्वयंपाकघरातून मी रोज ऐकत होते ना. तुम्ही वर्ग बंद पाडलात, त्याचं ह्यांनी फार मनाला लावून घेतलं नाही. ह्यांना लगेच दुसरं काहीतरी सुचलं. राग मला आला होता. माझं उत्तर तयार होतं."

"मग अण्णाला सांगायचं."

"त्यांनी विचारलं कुठे?"

सगळ्या सोसायटीला विचारत सुटलेला हा माणूस, दहा पावलांवर कणीक मळत उभ्या असलेल्या आपल्या बायकोला त्याने एकदाही विचारलं नाही! समोर असता तर त्याला गदागदा हलवला असता. आणि मी? बारा वर्षं मला वाटत होतं, मी अण्णाचं काहीतरी हिरावून घेतलं. वहिनींचं नावसुद्धा माझ्या मनात आलं नव्हतं. स्टुलावरून उतरताना मला त्यांच्याकडे बघवेना.

"पण काय झालं हो त्या पुलाचं?" त्यांनी विचारलं. "तुम्हीच म्हणाला होतात, सगळ्या जगाला माहीत आहे."

मला माहीत नव्हतं. महायुद्ध कोण जिंकलं ते माहीत होतं. हा पूल राहिला की गेला, याचा पत्ता नव्हता. तसं त्यांना सांगितलं आणि खिशातला फोन काढायला गेलो.

"तो ठेवा आत," वहिनी म्हणाल्या. जेवणाच्या टेबलाच्या दोन खुर्च्या ओढत आणून त्यांनी नकाशासमोर मांडल्या आणि एकीवर स्वतः बसल्या. "बसा. आधी माझं ऐकून घ्या."