मे महिन्यातले सडेफटिंग

किस्से कुणी ठरवून जमवत नाही, ते रद्दीसारखे आपोआप साचतात. आमचे सगळे उन्हाळ्यात साचले. कारण उघड आहे, परभणीच्या उन्हाळ्यात आमच्याशी घरात बोलायला कुणी नसायचं!

सत्तरच्या दशकातली गोष्ट. शाळांना सुट्ट्या लागल्या की बायका लेकरं घेऊन माहेरी जायच्या आणि मागं आम्ही उरायचो. सरकारी कचेरीत कारकून असलेला मी, शेजारच्या टेबलावरचे देशमुख, तार ऑफिसातले सय्यदभाई आणि शाळेत शिकवणारे वाघमारे सर. संध्याकाळी कुलूप काढून आत पाय टाकला की घर खायला उठायचं. म्हणून आम्ही सरांच्या गच्चीवर जमायला लागलो. सरांकडं पेटी होती, सय्यदभाईंकडं गळा होता आणि देशमुखांकडं भूक होती.

फरक एवढाच की आमची माणसं जूनमध्ये परत यायची. सरांची बायको वारलेली आणि एकुलती एक लेक लग्न होऊन पार नागपूरला. त्यांचा मे महिना बारा महिने चालायचा.

*

पहिल्याच बैठकीला ठरलं की हॉटेलचं खायचं नाही, प्रत्येकानं आपल्या हातचा एक पदार्थ करून आणायचा. दिवेलागणीला गच्चीवर डबे उघडले. माझ्या डब्यात पिठलं. देशमुखांच्या डब्यात पिठलं. आम्ही मोठ्या आशेनं सय्यदभाईंकडं बघितलं. त्यांनी मान खाली घालून झाकण काढलं. पिठलं!

"काय करू? बेगम निघताना एवढंच शिकवून गेली," ते म्हणाले.

सरांनी मात्र भरली वांगी, ज्वारीच्या भाकरी आणि ठेचा केला होता. आम्ही तुटून पडलो. देशमुखांनी बोटं चाटत विचारलं, "सर, कुठं शिकलात हो हे?"

"शिकायचं काय त्यात? रोजच करायलोय," सर म्हणाले.

सय्यदभाईंनी घसा खाकरला आणि गाणं सुरू केलं.

*

देशमुखांचे मामा पेडगावचे. त्यांनी आम्हाला आमराईत गायला बोलावलं. सतरंज्या अंथरलेल्या, गाव जमलेला, आणि जागोजागी पाण्यानं भरलेल्या बादल्यांत रायवळ आंबे. सय्यदभाईंनी जीव ओतून ठुमरी म्हटली. संपली, पण टाळी नाही. मग गझल म्हटली. तरी टाळी नाही. भाईंचा चेहरा पार उतरला. त्यांनी सरांना पेटी मिटायची खूण केली.

मामा घाईघाईनं म्हणाले, "ओ भाई, थांबू नका! टाळी कशानं वाजवावी? दोनी हातात आंबे हायेत. माना हलवायलोय की आमी!"

भाई मग दिवस मावळेपर्यंत गायले. शेवटी शेवटी त्यांच्याही हातात आंबा होता.

*

मोठ्या शहरातलं गाणं ऐकायची हौस आम्हाला लय होती. एका उन्हाळ्यात निघालो हैदराबादला. देशमुखांनी मैफलीसाठी पांढराशुभ्र झब्बा इस्त्री करून घेतला होता. इस्त्री मोडू नये म्हणून त्यांनी तो हँगरला लावून गाडीच्या खिडकीशी टांगला. आणि इंजिन कोळशाचं! चुडावा स्टेशन येईपर्यंत झब्बा राखाडी झाला आणि हैदराबादच्या काचीगुड्याला पोचेस्तोवर काळा. दुसरा आणलेला नव्हता, तोच अंगात घातला.

हॉलच्या दारावरचा माणूस देशमुखांना बघून खेकसला, इतका उशीर का केला म्हणून, आणि दंडाला धरून मागच्या दारानं आत घेऊन गेला. त्याला वाटलं दिवे दुरुस्त करणारा आला. आम्ही तिकीटवाले बसलो खांबाआड. तिथून गवयाचा एक कान तेवढा दिसायचा. पडदा सरकला तर स्टेजवर, त्या कानाशेजारीच, देशमुख तंबोऱ्यामागं मांडी घालून बसलेले!

नंतर हॉटेलात बिर्याणी खाताना त्यांनी आम्हाला गंभीरपणे विचारलं, "तुमी तिकिटं कशाला काढली?"

दुसऱ्या दिवशी चारमिनारपाशी आम्ही बायकांसाठी बांगड्या घेत होतो. सर दुकानाबाहेर आमच्या पिशव्या धरून उभे राहिले. मला ते बघवेना.

*

एकदा नाटक बसवलं. बायकोचं काम देशमुखांकडं, नवऱ्याचं माझ्याकडं. देशमुख मिशी काढायला तयार नव्हते. पदर ओढून घेईन म्हणायचे. त्यात पातळ मिळेना, कारण आमच्या घरच्या ट्रंकांच्या किल्ल्या माहेरी गेलेल्या! शेवटी सरांनी निळ्या काठाचं एक पातळ आणलं. डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता.

"सांभाळून नेसा," एवढंच ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी देशमुख मिशी काढून आले. कुणीही त्यांची चेष्टा केली नाही.

प्रयोगात शेवटी बायको रडत नवऱ्याच्या पायावर पडते. मी पाय पुढं करून उभा. देशमुख हलेनात. मी डोळे वटारले तर हळूच म्हणाले, "खाली माती हाय. पातळ मळंल. तुमीच पडा."

पडलो! लोकांनी शिट्ट्यांनी मैदान डोक्यावर घेतलं. नाटक पुन्हा करा म्हणून मागणी आली. ती मी साफ फेटाळली.

*

आमच्या या सडेफटिंग मंडळाचा एक रिवाज होता. ज्याची बायको परत येणार, त्याच्याबरोबर सगळ्यांनी स्टेशनवर जायचं. वहिनींना नमस्कार करायचा, सामान टांग्यात चढवायचं, त्याच्या घरी आमरस खायचा. त्या दिवसापासून तो गडी मंडळातून बाद! सर दरवर्षी प्रत्येकाच्या वेळी यायचे. सगळ्यात जड ट्रंक तेच उचलायचे.

एका जूनमध्ये, आम्ही सगळे आपापल्या संसाराला लागल्यावर, सर कचेरीत आले. दाढी गुळगुळीत, चेहरा खुललेला. म्हणाले, "उद्या संध्याकाळी मनमाडच्या गाडीला स्टेशनवर या. वहिनींना बी आणा."

कोण येणार ते काही सांगेनात. मी म्हटलं लेक येत असेल. देशमुखांचं मत पडलं की सरांनी गुपचूप दुसरं लग्न जमवलं. बायकांना तर दम निघेना. गजरे माळून, लेकरांना नवे कपडे घालून सगळा गोतावळा फलाटावर हजर झाला. सय्यदभाईंनी पेढे आणले.

गाडी आली. आम्ही डब्याडब्यातून डोकावलो. माणसं उतरली, चढली. शिट्टी झाली, गाडी निघून गेली. फलाटावर आमच्याशिवाय कुणी उरलं नाही. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या.

शेवटी मीच विचारलं, "सर, कोण येणार होतं?"

सर आमच्या सगळ्यांकडं एकेक करून बघत होते.

"तुमी आलात की," ते म्हणाले. "चला, घरी आमरस केलाय."