केशोरीची हिरवी बत्ती

“थांबा भाऊ, आधी वाचू द्या.”

एवढं म्हणून तो तळहात माझ्यासमोर आडवा धरायचा. गिऱ्हाईक फोनवर बोंबलत असलं तरी.

मोरगावात माझं इंटरनेटचं दुकान, आणि तो माझा तंत्रज्ञ. नेट बंद पडलं की मी सरळ तारा उपसायला धावणारा माणूस. तो मात्र काळ्या पडद्यावर ‘आयएफकॉन्फिग’ हा हुकूम टाईप करून उमटणाऱ्या चार ओळी लग्नपत्रिकेसारख्या निवांत वाचत बसायचा. तुम्हीसुद्धा वैतागला असता.

“काऊन घाई करून रायले? हे पाहा. ‘अप’ म्हणजे आपलं दार उघडं. ‘रनिंग’ म्हणजे जोड शाबूत. टीएक्स म्हणजे आपण धाडलेलं. आन् आरएक्स म्हणजे तिकडून आलेलं. हा आकडा वाढून रायला, म्हणजे तिकडं कोणी जागं आहे.”

केशोरीला, म्हणजे त्याच्या गावाला, बिनतारी जोड दिली, तेव्हा तिकडची अँटेनाची छत्री त्यानं आपल्याच घरावर बसवली आणि तिची पेटी घरात. तो इथं खोली करून राहायचा. घरी माय एकटी. तिला ऐकू येत नसे, त्यामुळे फोन बिनकामाचा. सकाळी सडा टाकून झाला की ती बटण दाबून पेटी चालू करायची. इकडं आरएक्स हलायला लागायचा आणि हा गालात हसायचा, “उठली माय.” मग इकडून पिंग सोडायचा, म्हणजे त्या पेटीला नेटवरून एक हाक. तिकडं पेटीवर हिरवी बत्ती लुकलुकायची, म्हणजे पोरगा कामावर पोचला. मायलेकांचं बोलणं एवढंच. मी त्याची फार थट्टा केली.

एका शनिवारी गावी जाताना जंगलात रानडुक्कर आडवं आलं. मोटारसायकलवरून पडला, तो उठलाच नाही.

पुढे मोबाईलवर नेट आलं. केशोरीची गिऱ्हाइकं सुटली, म्हणून छत्री उतरवायला मी त्याच्या घरी गेलो. माय पेटीसमोर बसली होती. मी वर बोट दाखवून छत्री काढायची खूण केली.

“कायले काढून रायला बापू?” ती म्हणाली. “मी का पागल आहो? माह्या डोळ्यासमोर जाळला त्याले. पर हे बत्ती रोज सकाळी लुकलुकते. तेवढा वेळ तो आहे.”

पिंग मी सोडत नव्हतो.

दुकानात परत आलो आणि कोपऱ्यात तसाच चालू राहिलेला त्याचा कॉम्प्युटर पाहिला. आपण कधी रजेवर असलो तर मायला घोर नको, म्हणून त्यानं पिंगचा हुकूम रोज सकाळी आपोआप सुटेल असा लावून ठेवला होता. तो जाऊनही कॉम्प्युटर पिंग धाडतच होता. मी हुकूम पुसायला हात पुढे केला आणि त्याचा तो आडवा तळहात आठवला. आधी वाचलं. टीएक्स वाढत होता. आरएक्सही वाढत होता. मला रडू आवरेना.

छत्री अजून तिथंच आहे. सकाळी आरएक्स हलला की माझ्या तोंडून निघून जातं, “उठली रे माय!” आणि मग मी त्याच्या रिकाम्या खुर्चीकडं पाहत, तो काही बोलेल म्हणून थांबतो.