बोरीच्या झुडपातला पळस

हिंगोली नुकताच जिल्हा झाला होता आणि गावाबाहेरच्या उघड्या माळावर बाग करायचं काम माझ्याकडं आलं. बाग म्हणजे काय, ते मला पक्कं ठाऊक होतं: नकाशा, चुन्याच्या रेघा, सरळ रांगेत खड्डे. माळावरची जुनी झाडं केव्हाच वीटभट्टीत गेलेली.

मजूर बायांत एक वयस्कर मावशी होती. तिनं रोपं बघितली आणि तोंडावर सांगितलं, यातलं काही इथं जगायचं न्हाई. पळसाचं, हिवराचं बी जागेवरच टोकायचं, तेही बोरीच्या काट्यात, म्हणजे शेळ्या तोंड लावत न्हाईत. मी हसलो. उन्हाळ्यात माझी रोपं वाळून कोळसा झाली, तेव्हा गुमान तिचं ऐकलं.

पहिलं बी कुठं टोकलं, ते तिनं मला नेऊन दाखवलं. ती तरुण असताना तिची दीड वर्षाची लेक गेली होती. लहान लेकराला जाळत नाहीत. माळाच्या कडेला एका पळसाखाली पुरलं होतं. पुढं तो पळसही कुणी तोडून नेला.

"तिच्या डोक्यावर सावली पाहिजे, सायेब," एवढंच ती म्हणाली.

रोज काट्यात हात घालून ती पाणी द्यायची. हातावर कायम ओरखडे. तीन वर्षांत पळस गुडघ्याएवढा झाला, माळावर गवत परतलं, तित्तिर ओरडायला लागले. आणि हे सगळं आपणच केलं, असं मला वाटायचं. काय म्हणावं या अकलेला!

मग मोठ्या साहेबांचा दौरा लागला. साहेब येणार म्हटलं की आपल्याकडं आधी साफसफाई. झुडूप दिसलं की कामचुकारपणा ठरतो. मी टरकलो. टोळीला सांगितलं, बोरी काढा, गवत कापा, माळ चकाचक पाहिजे. मावशी तेव्हा बहिणीकडं डोंगरकडा गावाला गेली होती. तिचं झुडूप तेवढं सोडा, असं सांगायचं राहून गेलं. राहून गेलं काय, मला आठवलंच नाही. अजून लाज वाटते.

बोरीबरोबर तिचा पळसही गेला. साहेबांच्या हातनं लावायच्या झाडाचा खड्डाही तिथंच खणला गेला, कारण ती जागा रस्त्यावरून दिसायची. गुलमोहर लागला, फोटो निघाले.

दुसऱ्या दिवशी मावशी आली आणि त्या आळ्याशी उभी राहिली. मी पुढं झालो. हा गुलमोहर आजच उपटतो, परत पळस लावू, असं काहीबाही बोलत सुटलो. तिनं मला शिव्या द्यायला पाहिजे होत्या. तिनं घागर उचलली आणि गुलमोहराला पाणी घातलं.

"राहू द्या, सायेब. लेकराला काय कळतंय, कोणतं झाड हाय ते."

मावशी जाऊन बरीच वर्षं झाली. गुलमोहर मोठा झालाय, उन्हाळ्यात लोक त्याच्याखाली डबे खातात. मी त्या सावलीत अजून एकदाही बसलेलो नाही.